तडजोडीतला सद्भाव

वैद्यकीय हलगर्जीपणाच्या दाव्यात डॉक्टर आणि रुग्णालय दोघेही प्रतिवादी असताना एकट्या डॉक्टरने रुग्णाशी तडजोड केली, तर रुग्णालयाचे काय? कॅलिफोर्नियाच्या १९५७च्या कायद्याने 'सद्भावपूर्वक' तडजोड करणाऱ्याला सहप्रतिवाद्याच्या हिस्सावसुलीतून मुक्त केले. दिलेली रक्कम उरलेल्यावरील मागणीतून वजा होऊ लागली. १९८० साली कलम ८७७.६ आले आणि हा सद्भाव न्यायालयाकडून ठरवून घेण्याची रीत बसली.

पण सद्भाव म्हणजे काय? साटेलोटे नसले की पुरे? १९८५च्या 'टेक-बिल्ट' निकालात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 'नाही' म्हटले. तो खटला वैद्यकीय नव्हता. तरी कसोटी अशा दाव्यांनाही लागू झाली. रक्कम देणाऱ्याच्या दोषाच्या वाट्याशी ढोबळमानाने जुळावी. त्याची ऐपत आणि विम्याची मर्यादाही पाहावी. सद्भाव नव्हता हे सिद्ध करण्याचा भार आक्षेप घेणाऱ्यावर. सरन्यायाधीश रोझ बर्ड यांनी मात्र भिन्नमत नोंदवले: अशा चौकशीने तडजोडीच अडतील.

ही भीती मला निराधार वाटत नाही. तरीही मी बहुमताच्या बाजूचा आहे. तडजोड दोघांची असते, तिचा भार तिसऱ्यावर पडतो. त्या तिसऱ्यासाठी न्यायालयाने हिशेब तपासलाच पाहिजे.