जंगलवाटेवरचे पिस्तूल व कॅलिबर

अमेरिकेत डोंगरदऱ्यांत भटकणारे, नदीत उतरून सामन धरणारे, शिकारी आणि सर्वेक्षक श्वापदांपासून बचावासाठी जे रिव्हॉल्वर किंवा पिस्तूल अंगावर बाळगतात, त्याच्या निवडीचा हा विषय आहे. ताकदीत हे शस्त्र रायफलच्या जवळपासही जात नाही. .३०-०६ रायफलची गोळी सुमारे ३,८०० जूल ऊर्जा घेऊन नळीबाहेर पडते. .४४ मॅग्नम रिव्हॉल्वरची गोळी साधारण १,३०० जूल घेऊन निघते, तर पोलिसांच्या ९ मिमी पिस्तुलाची पाचशेच्या आसपास. तरीही ते बाळगले जाते, कारण गळ टाकताना किंवा तंबू ठोकताना रायफल कुठेतरी झाडाला टेकवलेली असते आणि पिस्तूल अंगावर असते.

कोणते घ्यावे, हे त्या भागातले जनावर ठरवते. नैर्ऋत्येच्या वाळवंटी मुलखात धोका मुख्यतः रॅटलस्नेकचा. तिथे .२२ किंवा .३८ चे साधे रिव्हॉल्वर आणि बारीक छऱ्यांची काडतुसे पुरतात, पण तीही दोन-तीन मीटरांच्या आतच कामाची. पूर्वेकडच्या ॲपलेशियन डोंगरांत काळे अस्वल भेटते. ते सहसा माणसाचा वास आला की पळ काढते, आणि .३५७ मॅग्नम तिथे पुरेसे समजले जाते. वायोमिंग, मॉन्टाना आणि आयडाहोच्या काही भागांत ग्रिझली अस्वल आहे. अलास्काच्या किनारपट्टीवर सामन खाऊन माजलेल्या तपकिरी अस्वलाचा मोठा नर साडेचारशे किलोंच्या पुढे जातो. कॅलिबरचा खरा वाद या शेवटच्या दोन प्रदेशांपुरता आहे.

चालून येणारे अस्वल ताशी ५० किलोमीटरांहून जास्त वेगाने धावते, म्हणजे तीस मीटरांवरून ते दोन सेकंदांत अंगावर येते. अलास्कातल्या आल्डरच्या दाट झुडपांत तीस मीटर दिसण्याचीही मारामार असते. इतक्या वेळात शस्त्र काढायचे, डोके हलवत येणाऱ्या जनावरावर नेम धरायचा आणि चाप ओढायचा. एक बार नीट बसला तरी मोठी गोष्ट, दुसऱ्याला संधी मिळेलच असे नाही. म्हणून जे कॅलिबर हाताला झेपते आणि ज्याचा सराव आहे, तेच त्या माणसापुरते योग्य. ‘परवडेल तितके मोठे घ्या’ हा दुकानांतून सर्रास मिळणारा सल्ला घातक आहे. दणक्याला घाबरलेला हात चाप ओढण्याआधीच नळी खाली झुकवतो आणि गोळी मातीत जाते.

कॅलिबरइतकेच, किंबहुना त्याहून अधिक महत्त्व गोळीच्या घडणीला आहे. शहरी बचावासाठी विकली जाणारी पोकळ टोकाची गोळी शरीरात शिरताच फुलते आणि लवकर थांबते. अस्वलाच्या बाबतीत नेमके हेच नको असते. जाड कातडे, चरबीचा थर, खांद्याचे स्नायू आणि हाड भेदून गोळी मेंदूपर्यंत किंवा पाठीच्या कण्यापर्यंत पोचली, तरच धावते जनावर जागीच कोसळते. हृदयात गोळी बसलेले अस्वलसुद्धा पडण्यापूर्वी काही सेकंद झुंजू शकते. त्यामुळे शिशात कथील आणि अँटिमनी मिसळून ओतलेली, सपाट टोकाची, जड आणि कडक गोळी जाणकार पसंत करतात. अशी गोळी फुलत नाही, सरळ रेषेत खोल जाते. २०१६ मध्ये अलास्कातल्या एका अनुभवी शिकार-वाटाड्याने चालून आलेले तपकिरी अस्वल ९ मिमी पिस्तुलाने मारले, ते अशाच कडक गोळ्यांच्या जोरावर. या घटनेचा दाखला देऊन ९ मिमी पुरे म्हणणारे बरेच आहेत. त्या वाटाड्याचा आयुष्यभराचा अनुभव मात्र काडतुसाच्या डबीत मिळत नाही.

काडतुसांच्या इतिहासात आयडाहोचा पशुपालक आणि लेखक एल्मर कीथ याचे नाव टाळता येत नाही. १९३५ मध्ये स्मिथ अँड वेसनने .३५७ मॅग्नम आणले, त्यामागच्या प्रयोगांत कीथचा हात होता. पुढे .४४ स्पेशल काडतुसात जास्त दारू भरून त्याने वर्षानुवर्षे चाचण्या घेतल्या आणि कंपन्यांच्या मागे लकडा लावला. त्यातून १९५० च्या दशकाच्या मध्यावर .४४ मॅग्नम आणि त्यासाठीचे रिव्हॉल्वर बाजारात आले. त्यालाच पुढे मॉडेल २९ हे नाव मिळाले. २४० ग्रेन, म्हणजे साडेपंधरा ग्रॅमची गोळी फेकणारे हे काडतूस अस्वलांच्या मुलखात आजही मापदंड मानले जाते. १८७३ पासून चालत आलेले .४५ कोल्टही मजबूत रिव्हॉल्वरमधून जोरकस दारूने वापरले जाते. त्याच्यावरची पायरी .४५४ कॅसुलची, आणि २००३ मध्ये आलेले .५०० स्मिथ अँड वेसन सगळ्यांत वरचे. मात्र त्याच्या लांब नळीच्या रिव्हॉल्वरचे वजन दोन किलोंच्या घरात जाते. इतके ओझे माणूस चार दिवस वाहतो आणि पाचव्या दिवशी तंबूत ठेवून जातो.

अर्धस्वयंचलित पिस्तुलांत आज १० मिमी ऑटोचा बोलबाला आहे. १९८३ च्या सुमारास ब्रेन टेन पिस्तुलासोबत हे काडतूस आले. मायामीत १९८६ मध्ये झालेल्या चकमकीत एजंट गमावल्यावर एफबीआयने ते काही काळ स्वीकारले आणि त्याचा दणका बहुतेकांना झेपेना म्हणून सोडले. रानात मात्र ते टिकले. ग्लॉक २० या पिस्तुलात १५ काडतुसे बसतात आणि रिकामे असताना ते किलोच्याही आत भरते. ईशान्य ग्रीनलंडमध्ये कुत्र्यांच्या घसरगाड्यांवरून गस्त घालणारे डेन्मार्कचे सिरियस पथक ध्रुवीय अस्वलांपासून बचावासाठी तेच बाळगते. ग्लॉकच्या मूळ नळीतून उघड्या शिशाच्या गोळ्या झाडू नयेत असे कंपनी सांगते, म्हणून कडक गोळी वापरणारे बरेच जण नळी बदलून घेतात.

रिव्हॉल्वरमध्ये पाच किंवा सहाच बार असतात, चाप जड असतो आणि पुन्हा भरायला वेळ लागतो. तरी एक गोष्ट त्याच्या बाजूने जाते. अस्वलाने माणसाला खाली पाडले आणि पिस्तुलाची नळी थेट अस्वलाच्या अंगात रुतली, तर वरची सरकपट्टी मागे ढकलली जाते आणि बार उडतच नाही. रिव्हॉल्वर त्या अवस्थेतही उडते. उलट, थंडीने बधिर झालेल्या हातांनी पटापट बार काढायचे असतील तर पिस्तूल सरस. दोन्ही बाजूंना तथ्य आहे, पण हात ज्याला सरावले आहेत ते बदलू नये.

शस्त्र कुठे अडकवायचे, याचा विचार लोक सर्वांत शेवटी करतात. पाठीवरच्या मोठ्या पिशवीचा कमरपट्टा नेमका कमरेवरच्या म्यानावर येतो, आणि मासे धरताना कमरेपर्यंत पाण्यात असले तर शस्त्र बुडते. यावर छातीवर तिरके बसणारे म्यान हा उपाय आहे. पिशवी पाठीवर असो वा नसो, मूठ कायम हाताशी राहते. पिशवीच्या तळाशी कपड्यांत गुंडाळलेले .४४ मॅग्नम काहीच कामाचे नाही.

अस्वलांपुढे बंदूक कितपत कामी येते हे पाहण्यासाठी संशोधक टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो आणि सहकाऱ्यांनी अलास्कातल्या अशा प्रसंगांच्या नोंदी तपासल्या. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बंदुकीचे २६९ प्रसंग होते. त्यांत पिस्तूल-रिव्हॉल्वर ८४ टक्के वेळा आणि लांब बंदुका ७६ टक्के वेळा यशस्वी ठरल्या, पण बंदूक वापरली की नाही यावर माणसाची इजा फारशी अवलंबून नव्हती. त्यांच्याच २००८ च्या अभ्यासात तिखटाच्या स्प्रेने तपकिरी अस्वलांना ९२ टक्के वेळा रोखले होते. स्प्रेच्या प्रसंगांत नुसती कुतूहलाने जवळ आलेली अस्वलेही होती, त्यामुळे दोन्ही अभ्यासांचे आकडे शेजारी ठेवून निकाल देता येत नाही. तरी नवशिक्याने आधी स्प्रे घ्यावा आणि तो काढण्याचा सराव करावा, हाच सल्ला योग्य आहे. स्प्रेला अचूक नेम लागत नाही आणि चुकला तरी कुणाचा जीव जात नाही. विमानात तो हातातल्या किंवा सामानातल्या बॅगेत चालत नाही, आणि योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात त्यावर बंदी आहे.

फेब्रुवारी २०१० पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत त्या-त्या राज्याच्या कायद्यानुसार बंदूक बाळगता येते, मात्र झाडायला सर्वसाधारणपणे मनाई आहे. एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर तिथे राहणाऱ्या मराठी मंडळींना राज्याचा शिकार परवाना किंवा कायद्यातला तसा दुसरा अपवाद लागू असल्याखेरीज बंदूक बाळगणे हा संघराज्याचा गुन्हा ठरतो. मित्राने वाटेत हातात दिली तरीसुद्धा. अलास्कात जीव वाचवण्यासाठी अस्वल मारावे लागले, तर ते तिथेच सोलून नख्यांसकट कातडे आणि कवटी राज्याच्या वन्यजीव खात्याकडे जमा करावी लागते. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ११ नुसार सद्भावनेने स्वसंरक्षणार्थ प्राणी मारणे गुन्हा नाही आणि मेलेला प्राणी सरकारी मालमत्ता ठरतो. मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र नेण्यास मात्र कलम ३१ मनाई करते.