आपली टिमकी

परवा नात लिंक्डइनवर प्रोफाइल भरत बसली होती. पीएचडीचं दुसरं वर्ष. "आजोबा, स्वतःबद्दल काय लिहू? एकच तर पेपर आहे!" मला रामानुजन आठवले.

१६ जानेवारी १९१३. मद्रास पोर्ट ट्रस्टच्या हिशेब खात्यातला एक कारकून केंब्रिजच्या हार्डींना पत्र लिहितो. हुद्दा, वर्षाला २० पौंड पगार, विद्यापीठाचं शिक्षण नाही, हे सगळं सुरुवातीलाच सांगून टाकतो. आणि सोबत जोडतो प्रमेयांची पानं. हार्डींनी ती लिटलवूडना दाखवली, उत्तर धाडलं आणि सिद्धता मागितल्या. म्हणजे नुसत्या ओळखीवर भागलं नाही, काम दाखवावं लागलं. १९१४ मध्ये रामानुजन केंब्रिजला पोचले, १९१८ मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

नातीला म्हटलं, "आहे ते लिही, नाही ते लपवू नकोस. पेपर मात्र जोड."

तिने लिहिलं. माझं मन मात्र खात राहिलं. आपली टिमकी आपण वाजवू नये, हे मी जन्मभर वर्गात शिकवलं. त्यामुळे माझ्या बाकांवरचा एखादा पत्र न लिहिताच राहिला असेल का?

असो.