पलंगपोस आणि पानदान

सातवीच्या वर्गाला इतिहास शिकवताना आम्ही एकदा मुलांना एक साधे काम दिले होते. आपापल्या घरातील सर्वांत जुन्या वस्तूंची यादी करून आणायची. मालेगावसारख्या यंत्रमागांच्या गावातली आमची उर्दू शाळा. बहुतेक मुलांनी भिंतीवरचे घड्याळ, शिवणयंत्र, आजोबांचा रेडिओ अशी नावे लिहून आणली. एका मुलाने कोरे पान पुढे केले. त्याचे वडील रातपाळीला माग चालवतात. तो म्हणाला, "सर, हमारे घर में पुराना कुछ भी नहीं है." एका मुलीने मात्र दोनच नावे लिहिली होती: नानीचा पलंगपोस आणि नानीचे काळे पानदान.

त्या कोऱ्या पानाने आणि या दोन नावांनी आम्हांला बरेच दिवस स्वस्थ बसू दिले नाही. आम्ही मुलांना किल्ले, लढाया आणि तहांची सनावळी शिकवतो. घर सजवणाऱ्या वस्तू कोणी घडवल्या, कोणी विणल्या, हे शिकवत नाही. मग आपल्या घराला इतिहासच नाही असे मुलाला वाटले, तर चूक कोणाची?

खरे तर हा इतिहास आपल्या बोलण्यातच आहे. चादर, पडदा, रुमाल, गालिचा, तक्क्या, मखमल, रजई, रकाबी, तबक, सुरई हे शब्द अरबी-फारसीतून आले आणि मराठी घरात असे रुळले, की आज ते परके आहेत असे कोणालाही वाटत नाही. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश तयार करवून दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. पण त्याच काळातील कारखान्यांची जामदारखाना, फरासखाना, मुदबखखाना ही नावे टिकली. पहिल्यात उंची वस्त्रे, दुसऱ्यात तंबू, जाजमे आणि बिछायती, तिसऱ्यात स्वयंपाक. पुण्यात फरासखाना हे नाव आजही पोलीस ठाण्याच्या पाटीवर वाचायला मिळते. हुकूम आणि फर्माने बदलता येतात; अंथरूण-पांघरूण आणि ताट-वाटीचे शब्द इतक्या सहजी बदलत नाहीत.

आम्ही त्या मुलीच्या घरी गेलो. नानीचे माहेर औरंगाबादचे, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचे. पत्र्याच्या पेटीतून तिने जुन्या ओढणीत गुंडाळलेला पलंगपोस काढला. तो हिमरूचा होता. दोन पट्टे मध्ये जोडून शिवलेले, वेलबुट्टी थोडी फिकी झालेली, पण हात फिरवला तर अजून लोण्यासारखा मऊ.

हिमरूची कहाणी सांगताना लोक महंमद तुघलकापासून सुरुवात करतात. 1327 मध्ये त्याने राजधानी दिल्लीहून देवगिरीला, म्हणजे दौलताबादला हलवली, तेव्हा विणकर त्याच्याबरोबर दख्खनेत आले, अशी परंपरा आहे. पुढे 1610 मध्ये मलिक अंबरने खडकी हे शहर वसवले, नहरींनी तिथे पाणी खेळवले. त्याच खडकीचे औरंगाबाद झाले. मोगल सुभेदार, सरदार आणि नंतर निजामाचे अमीर-उमराव यांच्या मागणीवर तिथल्या विणकरांची घरे चालली.

किनखाप म्हणजे रेशमावर सोन्या-चांदीच्या जरीचे काम. ते राजेरजवाड्यांनाच परवडणारे. हिमरू हे त्याचे थोडे सोपे रूप. नाव फारसीतील 'सारखा' या अर्थाच्या शब्दावरून पडले असे सांगतात. ताणा सुताचा आणि नक्षीचा बाणा रेशमाचा. पूर्वी मागावर जाळा बांधलेला असे. एक विणकर खाली बसून धोटा फेकी आणि दुसरा वर बसून नक्षीप्रमाणे दोऱ्या ओढी. दोघांचा हात जमला तरच फूल नीट उमले. कापड उलटून पाहिले तर पाठीमागे रेशमाचे मोकळे धागे दिसतात. हिमरूचा मऊपणा आणि ऊब या पाठीमागच्या धाग्यांमुळे असते. म्हणून जाणती बाई हिमरू घेताना आधी त्याची पाठ पाही, मग तोंड.

हिमरूचे भावंड शोभावे असे मशरू. पुरुषांना रेशीम वर्ज्य, म्हणून विणकरांनी तोड काढली. ताणा रेशमाचा, बाणा सुताचा आणि वीण अशी, की चकाकणारे रेशीम बाहेर राहावे आणि अंगाला सूतच लागावे. 'मशरू' म्हणजे शरीअतला मान्य. धर्माची आज्ञाही राखली आणि सौंदर्याची हौसही राखली. हे शहाणपण ना काझीने लिहिले, ना शायराने. ते मागावर बसलेल्या माणसाला सुचले.

आता ते पानदान. नानीच्या आईच्या जहेजमध्ये ते आले होते. तेव्हा मराठवाडा आणि बीदर निजामाच्या एकाच राज्यात होते, त्यामुळे बीदरची वस्तू औरंगाबादच्या घरात येणे नवलाचे नव्हते. पंधराव्या शतकात बहमनी सुलतान अहमदशहाने राजधानी गुलबर्ग्याहून बीदरला नेली. इराण-तुराणकडून आलेले कारागीर आणि इथले धातुकाम जाणणारे हात यांच्या मेळातून बिदरी काम वाढले, असे मानतात. हुक्क्याची बूड, सुरई, आफताबा, पिकदाणी, पानदान अशा मेहमाननवाजीच्या सगळ्या वस्तू त्यात घडत. 1851 साली लंडनला भरलेल्या जगप्रसिद्ध प्रदर्शनात बिदरी वस्तू मांडल्या गेल्या आणि तिथल्या रसिकांनी त्या वाखाणल्या.

बिदरी वस्तू जस्ताची असते, त्यात थोडे तांबे मिसळलेले. आधी साच्यात ओतून ती घडवतात, कानशीने घासतात. मग मोरचुदाच्या पाण्याने तात्पुरती काळी करून त्यावर नक्षी रेखाटतात. त्या रेषा छिन्नीने कोरून त्यांत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवतात. इथवर वस्तू साधीच दिसते. शेवटी बीदरच्या किल्ल्यातील जुनी माती, नवसागर आणि पाणी यांच्या लेपाने ती गरम असताना घासतात. धातू गडद काळा होतो आणि चांदी जशीच्या तशी पांढरी राहते. माती अशा जागेची हवी, जिथे वर्षानुवर्षे ऊन-पाऊस पोचलेला नाही. कारागीर चिमूटभर माती जिभेवर ठेवून ती पारखतात.

हाच नवसागर आपल्या घरात आणखी एका मार्गाने येत असे, कल्हईवाल्याच्या झोळीतून. तांब्या-पितळेच्या भांड्यात चिंच, दही, टोमॅटो कळकते, म्हणून आतून कथिलाचा हात द्यावा लागतो. गल्लीत भाता लावून तो भांडे तापवी, नवसागराची पूड टाकी, पांढरा धूर उठे, आणि कापसाच्या बोळ्याने कथिल फिरवले, की काळवंडलेले पातेले क्षणात चांदीसारखे लखलखे. बीदरचा कारागीर ज्या नवसागराने काळा रंग आणी, त्याच नवसागराने कल्हईवाला पांढरा रंग आणी. लहानपणी हा खेळ पाहायला आम्ही शाळा बुडवली आहे.

आज तो भाता दिसत नाही, आणि याला आम्हीही जबाबदार आहोत. आमच्या घरात एका ईदेच्या आधी स्टीलचा नवा संच आणायचा ठरला. त्यासाठी दादीची तांब्याची देगची, दोन पातेली आणि आफताबा मोडीत घातला. मोडवाल्याने वजन केले, घडण पाहिली नाही. आम्हीही पाहिली नाही. पैसे मोजून घेतले आणि खूश झालो. दादी त्या दिवशी जेवली नाही. तेव्हा आम्हांला ते म्हातारपणाचे हट्ट वाटले.

हुनर लयाला जाण्याची मोठी कारणेही आहेत. 1948 साली निजामाचे राज्य संपले, आणि हिमरूची शेरवानी घालणारे, बिदरी हुक्का ओढणारे गिऱ्हाईकही गेले. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला, बीदर म्हैसूरकडे गेले. यंत्रावर विणलेली नक्षी स्वस्त पडू लागली. पण राजे गेल्यावर हुनर सांभाळण्याचे काम सामान्य गिऱ्हाइकाकडे येते, आणि ते गिऱ्हाईक म्हणजे आपण. बीदरचे कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आम्ही वर्गात मिठाई वाटली. त्याच संध्याकाळी मनात आले, आपल्यापैकी किती जणांनी एक तरी बिदरी वस्तू पैसे देऊन घेतली आहे?

सगळ्यांनीच महाग वस्तू घ्याव्यात असे आमचे म्हणणे नाही. आपल्या घरांत लग्नाच्या वेळी मात्र हात सैल होतो. चकचकीत मखमली चादरींचे संच, सोनेरी काठाची काचेची भांडी येतात आणि बहुतेक वेळा कपाटातच राहतात. त्या पैशात एखादी जाड सुती सोलापुरी चादर, हिमरूची एक शाल, कल्हई केलेले एक तांब्याचे पातेले येऊ शकते. घेताना पारख करावी. कापडाची पाठ पाहावी, सूत चोळून पाहावे, बिदरीत चांदी खरोखर कोरून बसवली आहे की वरून रंग दिला आहे हे बोटाने तपासावे. आणि दुकानदाराला विचारावे, हे कोणी बनवले? सलीका म्हणतात तो हाच. दस्तरखान स्वच्छ आणि धड असावे, त्यावरची रकाबी एक असली तरी चालेल.

शेवटी त्या कोऱ्या पानाची गोष्ट. आम्ही त्या मुलाला पुन्हा बोलावले आणि सांगितले, जुने नको, अब्बा काय बनवतात ते आण. 1857 नंतर उत्तर हिंदुस्थानातून मोमीन विणकर आग्रा रस्त्याने इथे आले, हातमाग घेऊन बसले, पुढे यंत्रमाग आले, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी त्याने हातभर कोरे कापड आणले. हे कापड रंगाई-छपाईसाठी राजस्थान-गुजरातकडे जाते, आणि कुठल्या घरात जाऊन पसरते ते अब्बांनाही ठाऊक नाही, असे त्याने सांगितले.

तो तुकडा आम्ही वर्गाच्या भिंतीवर लावला आहे. शेजारी त्या मुलाच्या हस्ताक्षरात त्याच्या वडिलांचे नाव आहे.