शहराची लोकसंख्या, गावाचा कारभार : पनवेल तालुका

आजचा धागा पनवेल तालुक्याविषयी आहे.

२०११च्या जनगणनेत रायगड जिल्ह्याच्या कोष्टकात एका शहराचे नाव विचित्र आहे : 'नवी मुंबई पनवेल रायगड'. लोकसंख्या १,९५,३७३. त्याच तालुक्यातील पनवेल शहराची लोकसंख्या तेव्हा १,८०,०२० होती. पनवेलला १८५२पासून नगरपालिका आहे. त्याहून मोठ्या असलेल्या या शहराला मात्र ना नगराध्यक्ष होता, ना नगरसेवक.

याला 'जनगणना शहर' म्हणतात. वस्ती किमान ५,००० असावी, घनता दर चौरस किलोमीटरला किमान ४०० असावी आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेर असावेत. एवढे जमले की जनगणना त्या वस्तीला शहर म्हणते. कायदा तिला गावच मानत राहतो. (स्त्रियांचे काम या निकषात धरलेच जात नाही. त्यावर स्वतंत्र धागा लिहावा लागेल.)

गाव म्हणजे कारभार कोणाचा? तालुक्यात दोन यंत्रणा शेजारी शेजारी चालतात. महसुलाची यंत्रणा जुनी : तहसीलदार, मंडळ अधिकारी, तलाठी, कोतवाल. तिचा जीव सातबाऱ्यात. दुसरी १ मे १९६२पासूनची : जिल्हा परिषद, पंचायत समिती, गटविकास अधिकारी आणि तळाशी ग्रामपंचायत. दोन्ही यंत्रणा भातशेतीच्या, मिठागरांच्या, मासेमारीच्या गावांना पुरतील अशाच बेताने बेतलेल्या.

१७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनींवर नवे शहर उभारायचे ठरले. संपादनात गावठाण वगळले, भोवतालची शेते आणि मिठागरे घेतली. वरवर पाहता ही सवलत वाटते. परिणाम फार वेगळा झाला. गाव कागदावर राहिले, त्याची शेते गेली. सातबारा हा शेतकऱ्याचा पुरावा होता, त्यावरचे नावच बदलले. कुटुंबे वाढली, मुलांनी गावठाणाच्या रेषेपलीकडे, एकेकाळी आपल्याच असलेल्या जमिनीवर खोल्या बांधल्या आणि त्या 'अनधिकृत' ठरल्या. जानेवारी १९८४मध्ये उरण तालुक्यात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनावर गोळीबार झाला. पाच जण हुतात्मा झाले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना या लढ्यातून आली. गावठाणाच्या रेषेबाहेरील घरांचा प्रश्न तिने सोडवला नाही.

दरम्यान, त्याच शेतांवर खारघर, कामोठे, कळंबोली उभी राहिली. रस्ते-पाणी सिडकोकडे, म्हणजे एका सरकारी कंपनीकडे. मत मात्र ग्रामपंचायतीला. खारघरच्या सातव्या मजल्यावर बसून मी नागरिकशास्त्रातला ग्रामसभेचा धडा पाठ करत असे. तो आमच्याविषयी आहे, हे मला कोणी सांगितले नाही. आई-बाबा कधी ग्रामसभेला गेल्याचेही आठवत नाही. कंपनीला जाब विचारता येत नव्हता आणि जिला विचारता आला असता, ती सभा 'गाववाल्यांची' आहे असे आम्ही गृहीत धरले होते. यात आमचाही दोष आहे, हे मान्य करायला हवे.

१ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका झाली. जुनी नगरपालिका आणि २९ महसुली गावे तिच्यात आली. म्हणजे २०११मध्ये मोजलेले शहर कायद्याने शहर व्हायला आणखी पाच वर्षे लागली. त्या जनगणनेत संपूर्ण तालुक्याची लोकसंख्या ७,५०,२३६ होती, शेजारच्या उरणची १,६०,३०३. या आकड्यांत गावठाणातला आगरी-कोळी मूळ रहिवासी आणि काल भाड्याने राहायला आलेला नोकरदार एकाच स्तंभात बसतात. जमीन कोणाची गेली, हे कोष्टक विचारत नाही.

२०२१ची जनगणना झालीच नाही, पुढची २०२७ची. महापालिकेबाहेर, विमानतळाच्या प्रभावक्षेत्रातल्या, 'नैना' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पट्ट्यासाठी २०१३पासून सिडको हेच नियोजन प्राधिकरण आहे. तिथल्या गावांत आज ग्रामपंचायत आहे, तलाठी आहे आणि भाताच्या खाचरांना लागून बहुमजली इमारतींचे सांगाडे उभे आहेत.