पहारेकरी जागे असताना

'द इन्फिल्ट्रेटर' हा २०१६ सालचा चित्रपट कोलंबियातील मेडेलिन टोळीचा अमली पदार्थांचा पैसा धुऊन देणाऱ्या एका बनावट व्यापाऱ्याची कथा सांगतो. ती सत्यकथेवर आधारित आहे. हा व्यापारी म्हणजे अमेरिकन सीमाशुल्क खात्याचा अधिकारी रॉबर्ट मेझर. 'बॉब मुसेला' हे नाव धारण करून तो टोळीच्या हस्तकांत आणि त्यांच्या बँकरांत वावरला. ऑक्टोबर १९८८ मध्ये फ्लोरिडातील टँपाजवळ त्याच्या खोट्या लग्नाच्या निमित्ताने आरोपींना एकत्र बोलावण्यात आले. चित्रपटात धरपकड लग्नसमारंभातच होते. प्रत्यक्षात ती आदल्या रात्री झाली. चित्रपट येथे संपतो. त्यानंतर जे घडले, ते प्रशासनाच्या दृष्टीने अधिक विचार करण्यासारखे आहे, म्हणून हा लेख.

मेझरच्या सापळ्यात सापडलेल्या बँकेचे नाव बँक ऑफ क्रेडिट अँड कॉमर्स इंटरनॅशनल, म्हणजेच बी.सी.सी.आय. पाकिस्तानी बँकर आगा हसन आबेदी यांनी ती १९७२ मध्ये स्थापन केली आणि पुढे ७० हून अधिक देशांत तिचा व्यवहार पसरला. पैसा धुण्याची तिची रीत साधी होती. एका देशातील शाखेत मुदतठेव ठेवायची, ती तारण दाखवून दुसऱ्या देशातील शाखेतून कर्ज उचलायचे आणि ठेवीतूनच ते फेडायचे. कागदावर दिसते ते केवळ कर्ज. कर्ज घेणे हा कोठेही गुन्हा नाही!

हे इतकी वर्षे चालले कसे? बँकेची एक कंपनी लक्झेंबर्गमध्ये नोंदलेली, दुसरी केमन बेटांवर आणि कारभार लंडनमधून. दोन घरचा पाहुणा उपाशी, असे आपल्याकडे म्हणतात. येथे पाहुणा सर्व घरी जेवला, मात्र पंगतीचा एकत्र हिशेब ठेवणारा यजमानच कोणी नव्हता. प्रत्येक देशाचा नियंत्रक आपल्यापुरते कागद तपासत होता आणि आपल्यापुरते ते बरोबर होते.

जानेवारी १९९० मध्ये बँकेने अमेरिकन न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि सुमारे दीड कोटी डॉलर गमावले. तरीही ती बंद झाली नाही. त्याच वर्षी तिच्या लेखापरीक्षकांनी बँक ऑफ इंग्लंडला गंभीर गैरव्यवहारांची माहिती दिली. तेव्हा अबुधाबीच्या राज्यकर्त्यांनी भांडवल घालून बँक सावरावी, असा प्रयत्न झाला. ठेवीदारांत घबराट नको, हे त्यामागचे कारण. अखेर ५ जुलै १९९१ रोजी अनेक देशांच्या नियंत्रकांनी एकाच दिवशी तिला टाळे ठोकले. टँपातील अटकांपासून मोजल्यास ही पावणेतीन वर्षे होतात.

या काळातही सामान्य माणसे आपली पुंजी तेथे ठेवतच होती. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील बेटांची एक छोटी स्थानिक परिषद होती. लोकसंख्या जेमतेम ३० हजार. तिचे २ कोटी ३० लाख पौंड या बँकेत बुडाले. आपल्याकडील एखाद्या लहान नगरपालिकेचे असे झाले तर शाळा, रस्ते आणि पाणीपुरवठ्याचे काय होईल, याची कल्पना वाचकांनी करावी.

मग जबाबदार कोण? ठेवीदारांच्या वतीने अवसायकांनी १९९३ मध्ये बँक ऑफ इंग्लंडवर दावा लावला. परंतु सद्भावनेने केलेल्या कृतीबद्दल नियंत्रकाला कायद्याचे संरक्षण होते. नुसता हलगर्जीपणा दाखवून भागणार नव्हते, बदहेतू सिद्ध करायचा होता. नोव्हेंबर २००५ मध्ये अवसायकांनी तो दावा सोडून दिला.

सद्भावनेचे असे कलम आपल्या जवळजवळ प्रत्येक नियामक कायद्यात असते आणि ते असावे, असे माझे मत आहे. त्याशिवाय कोणी अधिकारी अप्रिय निर्णयावर सही करणार नाही. मात्र हे संरक्षण निर्णय घेणाऱ्यासाठी आहे. निर्णय लांबणीवर टाकणाऱ्यालाही तेच कलम तितकेच झाकते, हा त्यातील दोष आहे. फाइलवर 'चर्चा करावी' असा शेरा मारणाऱ्याला शिक्षा झाल्याचे मी कधी ऐकलेले नाही.

या प्रकरणातून काही सुधारणा निश्चित झाल्या. १९९२ मध्ये बासेल समितीने किमान निकष ठरवले: प्रत्येक आंतरराष्ट्रीय बँकेच्या समग्र व्यवहारावर मूळ देशातील एका सक्षम नियंत्रकाची देखरेख हवी. अमली पदार्थांच्या पैशाविरुद्धचा १९८८ चा व्हिएन्ना करार आणि १९८९ मध्ये पॅरिसच्या शिखर परिषदेत स्थापन झालेले वित्तीय कृती दल हीदेखील त्याच काळातील. आपला काळा पैसा प्रतिबंधक कायदा (पी.एम.एल.ए.) २००२ चा, तो १ जुलै २००५ पासून अमलात आला. त्याच्या प्रास्ताविकेत संयुक्त राष्ट्रांच्या १९९० च्या ठरावाचा उल्लेख आहे, तो ठरावही अमली पदार्थांविषयीच्याच अधिवेशनातील. आज बँकेत खाते उघडताना ओळखपत्र मागितले की आपण कुरकुर करतो. त्या मागणीची मुळे या इतिहासात आहेत.

तरीही एक गोष्ट कायद्याने साधत नाही. बी.सी.सी.आय.च्या बाबतीत माहितीची उणीव शेवटच्या टप्प्यात नव्हती. मेझरने जीव धोक्यात घालून पुरावा आणला होता, लेखापरीक्षकांनी लिहून दिले होते. माहिती मिळाल्यापासून कृती होईपर्यंत किती दिवस गेले, याची नोंद प्रत्येक नियामक संस्थेने ठेवावी आणि ती विधिमंडळापुढे मांडावी, एवढी साधी सूचना मी करीन. सद्भाव मोजता येत नाही. दिवस मात्र मोजता येतात.