गळ्याची मजुरी

श्रोतेहो, इतिहासाच्या व्याख्यानाला आलेला माणूस लढाया, तह आणि राज्यकर्ते यांची अपेक्षा बाळगून येतो. आज आम्ही घेतलेल्या विषयात लढाई आहे, तह आहेत, आणि मालकांचे राज्य तर आहेच. पण निमित्त आहे एका काळ्या तबकडीचे. १९८१ साली ती अमेरिकेत निघाली. तिचे नाव ‘गिव्ह मी युवर लव्ह’; गाणाऱ्या बाई सिल्व्हिया स्ट्रिप्लिन; आणि ती काढणारी कंपनी ‘युनो मेलोडिक’. आपल्यापैकी फारच थोड्यांनी हे नाव ऐकले असेल. खुद्द अमेरिकेतही त्या काळी ते फार जणांनी ऐकले नव्हते, आणि आजच्या विषयाची सुरुवात तिथूनच होते.

आम्ही संगीताचे शास्त्री नव्हे. आमची शाळा लवकर सुटली. पुढे जे वाचन घडले ते कामगार युनियनच्या कचेरीत, वाटाघाटींच्या दोन फेऱ्यांमधल्या मोकळ्या वेळात. त्यामुळे गाणे कानी पडले की सूर कोणता, ताल कोणता, हा प्रश्न आमच्या मनात दुसरा उठतो. पहिला उठतो तो असा की, हे काम कोणी केले आणि त्याची मजुरी कोणाच्या पदरात पडली? या एका प्रश्नाच्या दोरीला धरून आपण या तबकडीचा माग काढू.

‘सोल’ म्हणून ज्या गाण्याला ओळखतात ते अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या देवळांतून निघालेले. रविवारच्या प्रार्थनेत देवाला मारायची ती आर्त हाक रे चार्ल्स यांच्यासारख्या गवयांनी १९५० नंतरच्या दशकात संसाराच्या सुखदुःखांकडे वळवली. १९६७ मध्ये अरेथा फ्रँकलिन यांनी ‘रिस्पेक्ट’ गायिले आणि तो सूर घरोघर गेला. पुढच्या दशकात याच सुरावर नाचाचा बांधीव ठेका चढला आणि ‘डिस्को’ जन्माला आले. न्यूयॉर्कच्या नृत्यगृहांतून काळे लोक आणि स्पॅनिश बोलणारे लोक या ठेक्यावर रात्री जागवीत. मोठ्या कंपन्यांना त्यात पैसा दिसला. त्यांनी डिस्कोचे अमाप पीक काढले आणि लोकांना त्याचा वीट येईपर्यंत ते बाजारात ओतले.

मग उलटी लाट आली. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कोमिस्की पार्क या बेसबॉलच्या मैदानावर दोन सामन्यांच्या मधल्या वेळात एका रेडिओ-निवेदकाने डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग सुरुंगाने उडवला. घरची एखादी तबकडी घेऊन येणाऱ्यास प्रवेश अवघ्या ९८ सेंटांत होता. हजारो लोक मैदानात घुसले आणि दुसरा सामना रद्द करावा लागला. हा नुसता पोरखेळ होता असे काही जण म्हणतात. पण त्या ढिगात डिस्कोशी संबंध नसलेल्या काळ्या कलावंतांच्या तबकड्याही होत्या, हे पाहणाऱ्यांनी सांगून ठेवले आहे. मोठ्या कंपन्यांनी डिस्कोच्या नावावर फुली मारली. १ ऑगस्ट १९८१ रोजी ‘एम टीव्ही’ ही संगीताची दूरचित्रवाहिनी सुरू झाली. तिच्या पहिल्या दिवसांत काळे चेहरे शोधूनच काढावे लागत.

नाचणारे लोक मात्र नाचायचे थांबले नव्हते. त्यांच्यासाठी लहान लहान कंपन्या गाणी काढीत राहिल्या. या गाण्यांतून व्हायोलिनांचे ताफे गेले. ठेका जरा संथ झाला. खालच्या सुरांची, म्हणजे बासची, चाल ठळक झाली आणि सिंथेसायझर नावाचे विजेवर चालणारे वाद्य पुढे आले. या वळणाला पुढे ‘बूगी’ असे नाव पडले. स्ट्रिप्लिनबाईंची तबकडी या वळणावरची आहे.

ती घडवणारे रॉय एअर्स हे लॉस एंजेलिसचे वादक. १९४० चा जन्म, २०२५ साली निधन. त्यांचे वाद्य व्हायब्राफोन, म्हणजे धातूच्या पट्ट्यांवर काड्यांनी वाजवायचे. ते पाच वर्षांचे असताना लायोनेल हॅम्प्टन या थोर वादकाने कार्यक्रम संपल्यावर आपल्या काड्या त्यांच्या हाती दिल्या, ही गोष्ट ते स्वतः सांगत. १९७६ च्या ‘एव्हरीबडी लव्ह्ज द सनशाइन’ने त्यांचे नाव झाले. ते पॉलिडोर या बड्या कंपनीकडे करारबद्ध होते, आणि तसे असताना त्यांनी युनो मेलोडिक ही आपली छोटी कंपनी उभी केली. कारागिराने स्वतःचे दुकान थाटावे तसाच हा प्रकार. या दुकानात त्यांनी विशेषेकरून गाणाऱ्या स्त्रियांना जागा दिली. एथेल बीटी आणि ‘एटीज लेडीज’ या संघाच्या तबकड्या तिथल्याच. स्ट्रिप्लिनबाई तत्पूर्वी ‘अक्वेरियन ड्रीम’ नावाच्या संघातून गात. स्वतःच्या नावावर संपूर्ण तबकडी निघाली ती ही एकच.

तिच्यातले ‘यू कान्ट टर्न मी अवे’ हे गीत ऐकावे. बासची एक लहानशी चाल सुरू होते आणि गिरणीतल्या पट्ट्यासारखी न थकता फिरत राहते. वर बाईंचा आवाज येतो. सोल म्हटले की आपण मोठा, घुमणारा, छाती भरून लावलेला आवाज कल्पितो. हा तसा नव्हे. हा बारीक, उंच आणि हलका आहे. शेजारच्या खोलीत काम करता करता कोणी गुणगुणावे तसा. परंतु दोन-तीन मिनिटांत ध्यानात येते की खालचे ते जड चाक आणि वरचा हा नाजूक धागा एकमेकांना तोलून धरीत आहेत. आवाज चढवला असता तर हा तोल बिघडला असता. कामाचा नेमका अंदाज असणे ही कारागिरीची खूण. ती इथे दिसते.

तबकडी निघाली आणि गाजावाजा न होता मागे पडली. लहान कंपनीकडे जाहिरातीला पैसा नसतो आणि देशभर माल पोहोचवणारी यंत्रणा बड्यांच्या हाती असते. चांगला माल खपतोच, असे ज्यांना वाटते त्यांनी कधी बाजारपेठेत गाडी उभी केलेली नसावी.

आता पट लंडनला सरकतो. १९८५ च्या सुमारास तिथे ‘किस एफएम’ नावाचे विनापरवाना रेडिओ केंद्र चालू झाले. वेस्ट इंडिजमधून आलेल्या कष्टकऱ्यांची मुले अशा केंद्रांचा प्राण होती. त्यांच्यातल्या नॉर्मन जे यांनी जुन्या, विसरलेल्या अमेरिकी तबकड्यांचा एक कार्यक्रम सुरू केला आणि त्याला ‘रेअर ग्रूव्ह’, म्हणजे दुर्मिळ ठेका, असे नाव दिले. ओस पडलेल्या गोदामांतून रात्रीच्या मैफली भरत आणि या तबकड्या वाजत. ज्यांना अमेरिकेच्या बाजाराने निकालात काढले होते, त्यांना या पोरांनी मान दिला. हे कार्य मोलाचे आहे आणि त्याचे श्रेय त्यांना द्यावयास हवे. युनो मेलोडिकचा मालही अशा शोधक कानांनीच जिवंत ठेवला.

परंतु ‘दुर्मिळ’ या शब्दाशी आम्ही थोडे थांबतो. हिरा दुर्मिळ असतो तो निसर्गाने. तबकडी दुर्मिळ होते ती माणसांच्या निर्णयाने: कमी छापली, कमी पोहोचवली, आणि पुन्हा छापली नाही म्हणून. मग तिला जुन्या बाजारात भाव चढतो. तो भाव मिळतो कोणाला? विकणाऱ्याला. अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे एकदा विकलेली तबकडी पुन्हा कितीही वेळा विकली तरी गाणाऱ्याला त्यातली कवडीही देणे लागत नाही. नव्या शतकात ही तबकडी पुन्हा छापून निघाली. पुन्हा छापले तरच करारातील हिश्शाचा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

१९९५ साली ‘ज्युनियर माफिया’ या न्यूयॉर्कच्या संघाने ‘गेट मनी’ हे गीत काढले. त्यात बिगी स्मॉल्स आणि लिल किम यांचा बोल आहे आणि ते अफाट गाजले. त्याचा पाया म्हणजे ‘यू कान्ट टर्न मी अवे’चा तुकडा. एखाद्या ध्वनिमुद्रणातून दोनचार मात्रा यंत्राने उचलायच्या आणि फिरवत ठेवायच्या, या रीतीला सँपल म्हणतात. २०१० मध्ये एरिका बाडू यांनीही हीच चाल आपल्या गाण्यात घेतली. बाईंचे नाव न ऐकलेल्या कोट्यवधी लोकांनी अशा रीतीने त्यांच्या तबकडीवर मान डोलावली.

असे उचलणे फुकट होते काय? १९९१ पर्यंत पुष्कळदा होते. त्या वर्षीच्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या एका न्यायाधीशाने बिझ मार्की या गायकाविरुद्ध निकाल दिला आणि त्यानंतर परवानगी व पैसे ही रीत पक्की झाली. पण पैसे दोन दरवाज्यांतून जातात: एक गीत रचणाऱ्याकडे, दुसरा ध्वनिमुद्रणाच्या मालकाकडे. केवळ गळा देणाऱ्यासाठी तिसरा दरवाजा नाही. तिला काय मिळेल ते मालकाशी केलेल्या करारावर. आणि त्या करारात तिला आगाऊ रक्कम देऊन मुद्रणाचा खर्च तिच्याच हिश्शातून वळता करून घेण्याची जुनी चाल आहे. आपल्याकडे ऊसतोडणी कामगाराला दिलेली उचल हंगामभर कोयता चालवूनही फिटत नाही. तोच हा हिशेब, फक्त उसाच्या जागी सूर.

रेडिओचे तर याहून विचित्र. अमेरिकेत रेडिओवर गाणे वाजले की रचनाकाराला पैसे मिळतात. गाणाऱ्याला आणि वाजवणाऱ्याला आजही मिळत नाहीत. कलावंतांचे हक्क मान्य करणारा १९६१ चा रोम करार पुष्कळ देशांनी स्वीकारला, अमेरिकेने नाही.

असे का घडले? याचे एक कारण आम्हांस संघटनेच्या इतिहासात सापडते. १ ऑगस्ट १९४२ रोजी जेम्स पेट्रिलो यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेतल्या वादकांच्या युनियनने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार पुकारला. तबकडीने वादकाची जागा घेतली, तर तबकडीने त्याचे पोटही भरावे, ही त्यांची मागणी. लढा दोन वर्षांहून अधिक चालला आणि १९४४ च्या नोव्हेंबरात शेवटच्या बड्या कंपन्यांनीही मान तुकवली. विकल्या जाणाऱ्या तबकडीमागे युनियनच्या निधीला पैसे मिळू लागले. कामगार चळवळीतला हा मोठाच विजय. पण गाणारे त्या युनियनचे सभासद नव्हते. त्यांना वादक समजतच नसत. कंपन्यांनी याचा फायदा घेतला: वाद्ये बंद तर बंद, मागे नुसत्या आवाजांचा मेळा उभा करून फ्रँक सिनात्रांसारख्यांची गाणी मुद्रित केली. एका खात्याचा संप दुसऱ्या खात्याला कामावर लावून फोडायचा, ही युक्ती प्रत्येक कारखान्यात आम्ही पाहिली आहे. पुढच्या काळात गायकाची कीर्ती वादकापेक्षा वाढली; निधी मात्र वाद्याच्या नावावर राहिला.

गळ्याला नाव मिळवण्यासाठी बाईंना एकेकटीने झगडावे लागले. १९०२ मध्ये कलकत्त्याच्या गौहरजान तबकडीत गाणे संपताच आपले नाव स्वतः उच्चारीत. जर्मनीतल्या कारखान्यात कोणाचे नाव चिकटवायचे ते कळावे म्हणून. यंत्राने तुकडा उचलला की ते नाव पहिल्यांदा गळते. शिकागोच्या लोलिएटा हॉलोवे यांच्या १९८० च्या ‘लव्ह सेन्सेशन’मधला आवाज ‘ब्लॅक बॉक्स’ या इटालियन संघाने ‘राइड ऑन टाइम’मध्ये वापरला. ते गीत १९८९ साली ब्रिटनमध्ये सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर होते, आणि पडद्यावर ओठ हलवीत होती एक तरुण मॉडेल. हॉलोवेबाईंनी वकील लावला आणि तडजोडीने मोबदला मिळवला. मार्था वॉश यांच्यावरही असाच प्रसंग आला. त्याही कोर्टात गेल्या, आणि गाणाऱ्याचे नाव छापण्याची रीत त्यामुळे बळावली.

एकेकटीच्या दाव्याहून संघटित मागणी पुढे जाते, याचेही दाखले आहेत. १९९५ च्या, म्हणजे ‘गेट मनी’च्याच वर्षीच्या, कायद्याने तारायंत्राच्या नव्या युगातील, म्हणजे डिजिटल रेडिओच्या, प्रसारणापुरता कलावंताचा हिस्सा मान्य केला: शंभरातले ५० मालकाला, ४५ मुख्य कलावंताला आणि ५ साथीच्या वादक-गायकांना. पाच ही संख्या लहान आहे. पण साथीदाराचे नाव हजेरीपटावर आले, हे लहान नाही. १९७६ च्या कायद्यात आणखी एक कलम आहे: १९७८ पासून दिलेला हक्क कलावंताला ३५ वर्षांनी लेखी नोटीस देऊन परत मागता येतो. १९८१ चा करार धरला तर ते वर्ष येते २०१६. मात्र ‘मजुरीने करून घेतलेले काम’ असेल तर हे कलम लागत नाही. म्हणून १९९९ मध्ये उपग्रह-दूरचित्रवाणीच्या एका विधेयकात गुपचूप एक ओळ घुसडून ध्वनिमुद्रणे मजुरीच्या कामात ढकलण्यात आली. कलावंत खवळले, शेरिल क्रो यांनी काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष दिली, डॉन हेन्ली यांनी संघटना बांधली, आणि २००० साली ती ओळ पुसावी लागली. आयुष्यभर एकमेकांशी स्पर्धा करणारे हे लोक एकत्र आले, आणि काम वर्षभरात झाले!

श्रोतेहो, स्ट्रिप्लिनबाईंचे गाणे कोणी शोधून काढले, याचे कौतुक पुष्कळ होते आणि ते व्हावे. पण शोध लागणे म्हणजे न्याय मिळणे नव्हे. बंद पडलेल्या गिरणीतला एखादा साचा आणून वस्तुसंग्रहालयात ठेवला, तर साच्याचा मान राखला जातो. तो चालवणाऱ्याची थकबाकी तशीच राहते. म्हणून आमची विनंती एवढीच: कोणतेही गाणे आवडले, तर ते कोणी गायिले, मागे कोणी साथ केली, हे विचारण्याची सवय लावून घ्यावी. नाव ठाऊक असेल तरच हिशेब मागता येतो. ‘गिव्ह मी युवर लव्ह’ मिळवून ऐकावी, आणि ऐकताना बाईंचे नाव मोठ्याने घ्यावे.