दिवाळीनंतरची टोचणी

कुलाबा जिल्ह्यात एके काळी लस टोचण्याला हंगाम असे. भातं कापून झाली, खाचरं सुकली, ओढ्यांतून पलीकडे जाता येऊ लागलं की सरकारी देवी काढणारा, म्हणजे देवीच्या रोगाची लस टोचणारा, पेण-रोह्याकडच्या गावांतून फिरू लागे आणि उन्हं तापायच्या आत काम आटपे. पावसाळ्यात त्याला वाट नसे, उन्हाळ्यात त्याची लस मरे. म्हणजे कोणत्या मुलाला कधी टोचायचं हे मुलाच्या वयावर नव्हे, हवामानावर ठरे.

ही लस तेव्हा बाटलीतून येत नव्हती, माणसांच्या दंडांवरून येत होती. जेन्नर या डॉक्टरने इंग्लंडात १७९६ साली केलेला या लसीचा प्रयोग बगदाद, बसरा असा प्रवास करत मुंबईला पोचला आणि १४ जून १८०२ रोजी अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला हिंदुस्थानातली पहिली लस टोचली गेली. तिच्या फोडातल्या द्रवावर पुढची मुलं टोचली, त्यांच्यावर आणखी पुढची. १८२७ पासून मुंबई इलाख्यात फिरते लस टोचणारे नेमून, त्यांच्यावर देखरेख ठेवून हे काम पद्धतशीर सुरू झालं. टोचलेलं मूल आठव्या दिवशी पुन्हा हजर करायचं, फोड नीट उठलाय का ते दाखवायचं, वर त्याच फोडातून दुसऱ्यासाठी लस काढू द्यायची. आईबाप मुलं लपवत, त्यात नवल काहीच नव्हतं. कोणाच्या दंडावरचं पाणी आपल्या पोराच्या अंगात जाणार, ही शंका जातीच्या समाजात लहान नव्हती. शिवाय देवी आली की घरात औषध चालत नसे, कडुलिंबाचा पाला चाले. ज्या देवीचा हा कोप मानत, त्या शीतळादेवीचं चौलचं देऊळ याच जिल्ह्यात आहे.

सरकारने मग कायद्याचा बडगा उगारला. १८७७ साली मुंबई शहरासाठी, १८९२ साली जिल्ह्यांसाठी. पुढे वासराच्या अंगावर वाढवलेली लस आली आणि बेळगावच्या संस्थेत ती तयार होऊ लागली. तरी हंगाम काही सुटला नाही. तो सुटला १९६०च्या दशकात, उन्हाळ्यातही टिकणारी सुकवलेली लस मिळू लागली तेव्हा. मे १९७५ मध्ये भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण सापडला. मे १९८० मध्ये जग देवीमुक्त झाल्याचं जाहीर झालं, आणि पुढच्याच वर्षी कुलाब्याचं नाव रायगड झालं.

तोवर दुसरं वेळापत्रक आलं होतं. १९७८ साली भारताने विस्तारित लसीकरण कार्यक्रम सुरू केला. त्यात क्षयाची बीसीजी होती, घटसर्प-डांग्या खोकला-धनुर्वाताची त्रिगुणी होती, विषमज्वराचीही होती. विषमज्वराची लस नंतर वगळली गेली. पोलिओचे थेंब लवकरच आले, आणि १९८५ साली कार्यक्रम सार्वत्रिक करताना गोवराची लस जोडली गेली.

नव्या वेळापत्रकात मुलाचं वय केंद्रस्थानी आलं. जन्मताच बीसीजी, पोलिओ आणि आता कावीळ-ब. मग दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने. मग नऊ महिने. मग सोळा ते चोवीस महिने. अमेरिकेत पहिले डोस दोन, चार आणि सहा महिन्यांना देतात. आपल्याकडे घाई आहे ती रोग बाळाला लवकर गाठतात म्हणून. गोवराचंही तसंच. आईकडून आलेली प्रतिपिंडं बाळाच्या रक्तात असेतो लस नीट रुजत नाही, म्हणून श्रीमंत देश वर्षभर थांबतात. जिथे गोवर वर्षाच्या आतच मुलं उचलून नेत होता, तिथे थांबणं परवडणारं नव्हतं. नऊ महिने ही तडजोड आहे. पहिल्या डोसानंतर जी मुलं कच्ची राहतात त्यांच्यासाठी दुसरा डोस ठेवावा लागतो.

तडजोड शास्त्राची झाली. माणसांच्या जगण्याशी मात्र कोणी तडजोड केली नव्हती. पेण, रोहा, सुधागड या तालुक्यांतल्या कातकरी आदिवासींच्या वाड्यांवरची कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर किंवा कोळसा पाडायला जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. आता हिशेब करून पाहावा. पंधरा ऑक्टोबरला जन्मलेल्या बाळाचा दीड महिन्याचा डोस नोव्हेंबरअखेर येतो, अडीच महिन्यांचा डिसेंबरात, साडेतीनचा जानेवारीत. तिन्ही वेळा आई भट्टीवर. नऊ महिने भरतात ते जुलैच्या मध्यावर; कुटुंब वाडीवर परतलेलं असतं, पण ओढे भरून वाहत असतात. जुना देवी काढणारा ज्या महिन्यांत फिरे, त्याच महिन्यांत वाडी रिकामी, आणि वाडी भरलेली असते तेव्हा वाट बंद. अशा बाळाचं कार्ड कोरं राहिलं की ‘आदिवासींना लसीचं महत्त्व कळत नाही’ असा शेरा मारून मोकळं होणं फार सोपं असतं. तो शेरा आळशी आहे.

लसही मोठी नाजूक. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या फ्रिजात दोन ते आठ अंश, तिथून बर्फाचे चार पॅक लावलेल्या डब्यातून उपकेंद्राला, तिथून अंगणवाडीत. बीसीजी किंवा गोवर-रुबेलाची कुपी एकदा पातळ केली की चार तासांत वापरायची, नाहीतर फेकायची. म्हणून सत्राचा वार ठरलेला असतो, आणि वार ठरला की जो त्या दिवशी गावात नाही तो सुटतो.

यावरचं उत्तर जिल्ह्यातच एकदा शोधलं गेलं होतं. प्लास्टिक सर्जन डॉ. नोशीर अंतिया यांनी १९७०च्या दशकात अलिबाग तालुक्यातल्या मांडव्याला गावातल्याच, फारशा न शिकलेल्या बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. कोणत्या घरात कोण गरोदर आहे, कोण परगावी गेलं, हे त्यांना वही न उघडता ठाऊक असे. अशाच गावातल्या बायका आशाताई म्हणून देशभर नेमल्या गेल्या त्या २००५ नंतर. पोलिओनेही हेच शिकवलं. १९९५ पासूनच्या पल्स पोलिओत बूथवर न आलेल्या मुलांसाठी माणसं घरोघरी, स्टँडवर, भट्ट्यांवर गेली, डाव्या करंगळीच्या नखावर शाई लावत फिरली. नैसर्गिक (वाइल्ड) विषाणूमुळे पोलिओ झालेला भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला. मुंबईत २०२२ साली गोवर उसळला तेव्हा तर बाधित वस्त्यांत सहा महिन्यांच्या बाळांनाही जादा डोस देण्याचा निर्णय झाला. वेळापत्रक वाकवता येतं, वाकवायची इच्छा हवी.

भट्टीवर जाणाऱ्या आईला निदान एवढं तरी सांगून पाठवावं: कार्ड सोबत ने. राहिलेला डोस जिथे असशील तिथल्या सरकारी केंद्रात फुकट मिळतो, मध्ये खंड पडला तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, आणि गोवर-रुबेलाची लस चुकली असेल तर ती पाच वर्षांपर्यंत देता येते.